रविवारचा राखणदार : लॉर्ड जॉन रीथ

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये अशी वडील माणसे अजून आहेत की, ज्यांनी लहानपणी गावातील एकुलत्या एका रेडिओभोवती बसून दूरदेशीचा शब्द प्रथम ऐकला. आज तोच शब्द प्रत्येक तरुणाच्या खिशात वाजत असतो; आणि रविवारी सकाळी उपासनेची घंटा होत असता तो काय ऐकत बसला आहे, हे त्याच्या आईबापांसही ठाऊक नसते. उपदेशक बंधू आम्हांस वारंवार विचारतात की, ह्यावर उपाय काय? मनाई करावी काय? आणि मनाई केली तर ती कोणी पाळील काय?

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनात एका मनुष्याच्या हाती सबंध राष्ट्राच्या रेडिओची किल्ली आली, आणि रविवारचा दिवस देवाचा म्हणून राखण्याचा यत्न त्याने सुमारे सोळा वर्षे केला. त्यात त्यास यश किती आले, अपयश किती आले, आणि का आले, हे समजून घेतल्यास आमच्या बंधूंस पुष्कळ बोध होईल. म्हणून त्या मनुष्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जॉन रीथ ह्याचा जन्म २० जुलै १८८९ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्टोनहेवन ह्या गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील रेव्ह. डॉ. जॉर्ज रीथ हे ग्लासगो शहरातील एका मोठ्या मंडळीचे पाळक होते. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड ह्या मंडळीचे होते. आणि तिचा दुसऱ्या एका मंडळीशी १९०० साली संयोग होऊन जी युनायटेड फ्री चर्च झाली, तिच्या महासभेचे अध्यक्षपद त्यांस १९१४ साली मिळाले. फ्री चर्चचे नाव महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांस परके नाही. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन हे १८४३ पासून ह्याच मंडळीचे होते, आणि जालन्यास ज्यांनी कार्य केले ते आमचे रेव्ह. नारायण शेषाद्री हेही तिचेच सेवक. म्हणजे ज्या झाडाची एक फांदी आमच्या अंगणात आली, त्याच झाडाखाली हा मुलगा वाढला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळी स्कॉटलंडातील पाळकांच्या घरी रविवार कसा पाळीत, ह्याची कल्पना आजच्या वाचकांस येणे कठीण आहे. खेळ नाही, हिंडणे नाही, करमणुकीचे पुस्तक नाही. सकाळी देऊळ, पुन्हा एकदा देऊळ, आणि मधल्या वेळी शास्त्रवाचन. अनेक मुले अशा रविवारास कंटाळत. परंतु जॉनच्या मनावर त्याचा निराळा परिणाम झाला. आठवड्यातील सहा दिवस गजबजाटाचे आणि एक दिवस शांततेचा, ही व्यवस्था मनुष्याच्या हितासाठी देवानेच लावून दिलेली आहे, अशी त्याची खात्री झाली, आणि ती त्यास जन्मभर सोडून गेली नाही. वडिलांविषयी त्यास अपार आदर होता. आपण वडिलांच्या योग्यतेस पात्र झालो की नाही, हा विचारही त्यास जन्मभर टोचीत राहिला.

जॉनचा स्वभाव लहानपणापासून तापट व एकलकोंडा होता. शिक्षण आधी ग्लासगोस व पुढे इंग्लंडात नॉर्फोक परगण्यातील ग्रेशम्स शाळेत झाले. विद्यापीठात जाण्याची त्याची फार इच्छा होती. परंतु वडिलांनी ते ऐकले नाही व त्यास आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवार म्हणून घातले. भल्या पहाटे उठून तेलकट कपड्यांत कामावर जाण्याचा तो क्रम त्यास कडू वाटे. वयात येईतो त्याची उंची साडेसहा फूट झाली, त्यामुळे चारचौघांत तो उठून दिसे. परंतु आपणांस देवाने कोणत्या कामासाठी घडविले आहे, हे त्यास कळेना.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि रीथसाहेब सैन्याबरोबर फ्रान्सास गेले. १९१५ च्या ऑक्टोबर महिन्यात खंदकाजवळ काम करीत असता शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्यांच्या डाव्या गालातून आरपार गेली. गोळी बोटभर इकडे तिकडे झाली असती तर हे चरित्र तेथेच संपले असते. जखम बरी झाली, पण गालावरील मोठा व्रण कायम राहिला. त्यानंतर त्यांस अमेरिकेत पाठविण्यात आले. तेथे ब्रिटिश सैन्यासाठी बंदुका तयार होत, त्यांची तपासणी करण्याचे काम त्यांनी केले. युद्ध संपल्यावर ते एका मोठ्या कारखान्याचे व्यवस्थापक झाले. १९२१ साली म्यूरिएल ऑडम्स ह्या बाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु पुढच्याच वर्षी ती नोकरी सोडून ते लंडनास आले, आणि तेहतीस वर्षांचा हा कर्तबगार मनुष्य बेकार होऊन बसला.

१ ऑक्टोबर १९२२ हा रविवार होता. रीथसाहेब लंडनातील रीजंट स्क्वेअरच्या प्रेस्बिटेरियन देवळात उपासनेस गेले. त्या दिवशीचा उपदेश यहेज्केल संदेष्ट्याच्या बाविसाव्या अध्यायावर होता. तट ढासळला आहे, खिंडार पडले आहे, आणि त्या खिंडारात उभा राहील असा एक तरी मनुष्य देव शोधीत आहे, असा तो भाग आमच्या वाचकांस माहीत आहे. असा मनुष्य कदाचित ह्याच मंडळीत बसला असेल, असे उपदेशक म्हणाले. ते शब्द रीथसाहेबांच्या काळजास भिडले. तो मनुष्य आपणच असू, असे त्यांस वाटले व तसे त्यांनी आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. परंतु कोणते खिंडार, हे त्यांस ठाऊक नव्हते.

त्याच महिन्यात वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. नव्याने निघालेल्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीस एक मुख्य व्यवस्थापक पाहिजे होता. ध्वनिक्षेपण म्हणजे काय, ह्याचे रीथसाहेबांस काडीचेही ज्ञान नव्हते. तरी त्यांनी अर्ज लिहिला व टपालाच्या पेटीत टाकला. मग त्यांच्या मनात आले की, ज्यांस आपण अर्ज केला ते सर विल्यम नोबल आहेत तरी कोण? चौकशी करता ते ॲबर्डीनचे निघाले, आणि रीथ घराणेही मूळचे त्याच प्रांताचे. तेव्हा त्यांनी पेटीतून पत्र परत मिळविले, त्यात ॲबर्डीनचा उल्लेख घातला, आणि पुन्हा टाकले. देवाच्या पाचारणाची खात्री असलेला मनुष्यही वशिल्याची दोरी हाती धरून ठेवतो! ही गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच सांगितली आहे.

डिसेंबरात त्यांची नेमणूक झाली. कामावर रुजू झाले तेव्हा कंपनीची नोकरमाणसे अवघी चार होती आणि रेडिओचे परवाने सुमारे ३६ हजार. वर्षास दहा शिलिंग भरून परवाना घ्यावा व संच घरी ठेवावा, असा नियम होता. पुष्कळांचे संच म्हणजे स्फटिकाचे एक साधे यंत्र, एक लांब तार आणि कानास लावावयाची दोन श्रवणे. एका घरात चार माणसे असली तर आळीपाळीने ऐकत.

ह्या नव्या यंत्राचे करावयाचे काय, ह्याविषयी तेव्हा कोणाचेच मत पक्के नव्हते. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांस वाटे की, लोकांस आवडेल ते द्यावे म्हणजे माल खपेल. रीथसाहेबांनी निराळाच विचार मांडला. हा शब्द राजवाड्यात जातो तसा कोळशाच्या खाणीतील मजुराच्या झोपडीतही जातो. वाटून घेतला म्हणून तो कमी होत नाही. तेव्हा जगात जे उत्तम ज्ञान, उत्तम संगीत व उत्तम विचार आहे ते सर्वांच्या दारी पोहोचविणे हेच ह्या यंत्राचे काम, असे ते म्हणत. लोकांस काय आवडते ते देत बसल्यास त्यांची आवड खाली खाली जाईल, आणि थोडे अधिक चांगले देत गेल्यास ती वर चढेल, असा त्यांचा सिद्धांत होता. जाहिरातीस त्यांनी थारा दिला नाही.

पहिले धार्मिक भाषण रीथसाहेब कामावर येण्याच्या काही दिवस आधी, २४ डिसेंबर १९२२ रोजी, लंडनातील व्हाइटचॅपलचे पाळक रेव्ह. मेयो ह्यांनी केले होते. परंतु हे काम पद्धतशीर व्हावे म्हणून रीथसाहेब कँटरबरीचे आर्चबिशप डॉ. डेव्हिडसन ह्यांजकडे गेले. १९२३ च्या मार्च महिन्यात आर्चबिशप सपत्नीक त्यांच्या घरी जेवावयास आले. जेवण झाल्यावर रीथसाहेबांनी एक कळ दाबली, आणि खोलीत संगीत ऐकू येऊ लागले. वृद्ध आर्चबिशप थक्क झाले. आवाज आत येण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते काय, असे त्यांच्या पत्नीने विचारले. आमच्या गावात विजेचा पहिला दिवा लागला तेव्हा आमच्याही आजीबाईंनी असेच काहीतरी विचारले होते. तेव्हा आम्ही हसू नये. आर्चबिशपांनी निरनिराळ्या पंथांच्या पुढाऱ्यांची एक सभा बोलाविली व तिच्यातून एक समिती निर्माण झाली. बिशप गार्बेट हे तिचे अध्यक्ष झाले. इतर वेळी एका बाकावर न बसणारे अनेक पंथांचे लोक ह्या समितीत एकत्र बसले, हे लहान काम नव्हे.

तथापि सर्वच पाळकांनी ह्या यंत्राचे स्वागत केले नाही. घरी बसून उपदेश ऐकू आला तर देवळात कोण येईल, अशी भीती पुष्कळांस वाटली. १९२३ च्या एप्रिलात राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क ह्यांचा विवाह वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. तो विधी रेडिओवरून ऐकविण्याची परवानगी मागितली असता ॲबीच्या अधिकाऱ्यांनी ती नाकारली. लोक दारूच्या दुकानांत बसून, डोक्यावरची टोपीही न काढता, पवित्र विधी ऐकतील, हे त्यांस सहन होईना. त्याच ॲबीतून १९२६ साली संध्याकाळची गायनयुक्त उपासना देशभर ऐकविण्यात आली. तीन वर्षांत मने बदलली होती.

ती बदलण्याचे श्रेय बहुतांशी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या देवळास व तेथील पाळक रेव्ह. डिक शेपर्ड ह्यांस द्यावे लागेल. शेपर्डसाहेब युद्धात सैनिकांचे पाळक होते. त्यांच्या देवळाचे दार रात्रीही उघडे असे, व ज्यांस निजावयास जागा नाही ते तेथे येऊन निजत. ६ जानेवारी १९२४ रोजी, रविवारी, ह्या देवळातील उपासना देशभर ऐकू गेली. देवळातून झालेली ही पहिली उपासना होय. वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेली माणसे, दूरच्या वाडीवर राहणारी कुटुंबे, आणि लहानपणी देऊळ सोडून पुन्हा कधी त्याची पायरी न चढलेले पुरुष, अशा सर्वांनी ती ऐकली. ज्यांच्यापाशी कोणी उपदेशक जात नव्हता, त्यांच्यापाशी उपदेश गेला.

आता त्या काळच्या रविवारचे चित्र वाचकांपुढे मांडतो. १९२६ नंतरची काही वर्षे घ्या. सकाळी रेडिओ मुका असे. लोकांनी आपापल्या देवळात जावे, म्हणून मंडळ्या जमण्याच्या वेळा रीथसाहेबांनी मोकळ्या ठेविल्या होत्या. दुपारी साडेतीनच्या सुमारास कार्यक्रम सुरू होई; त्यात गंभीर संगीत, मुलांसाठी शास्त्रातील गोष्टी, एखादे विद्वानाचे भाषण असे. १९२८ पासून काही वर्षे जर्मनीतील जुना भक्त संगीतकार बाख ह्याची धार्मिक गीते रविवारी क्रमाने ऐकविण्यात येत. रात्री आठ वाजता उपासना. कधी इंग्लंडच्या मंडळीची, कधी प्रेस्बिटेरियनांची, कधी मेथडिस्टांची, कधी रोमन कॅथलिकांची. पावणेनऊला एखाद्या दवाखान्यासाठी अथवा अनाथालयासाठी मदतीची विनंती होई. हा परिपाठ १९२६ साली सुरू झाला. मग बातम्या, मग मोठ्या वाद्यवृंदाचे गायनवादन, आणि साडेदहाच्या सुमारास शास्त्रभाग, स्तोत्र व गीत ह्यांनी दिवसाचा समारोप होई. नाचाचे संगीत नाही, विनोद नाही, खेळाची हकिकत नाही. येणेप्रमाणे एका पाळकाच्या घरातील रविवार सबंध राष्ट्राचा रविवार झाला.

रोजची सकाळची लहान प्रार्थना मात्र रीथसाहेबांच्या डोक्यातून निघाली नाही. हर्टफर्डशायर परगण्यातील एका बाईने, आजाऱ्यांसाठी व एकट्या पडलेल्यांसाठी रोज प्रार्थना व्हावी, अशी मागणी चिकाटीने लावून धरली. रीथसाहेब प्रथम तयार नव्हते. परंतु बाईने पिच्छा सोडला नाही, व लोकांच्या सह्या गोळा केल्या. अखेर २ जानेवारी १९२८ रोजी ती प्रार्थना सुरू झाली. ह्या साध्या बाईने सुरू करविलेली प्रार्थना रीथसाहेबांच्या कडक रविवारापेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे दिसून येईल.

१ जानेवारी १९२७ पासून कंपनी जाऊन तिच्या जागी राजसनदेने स्थापिलेली संस्था आली, व रीथसाहेब तिचे पहिले महासंचालक झाले. त्यांस सर ही पदवीही मिळाली. परंतु ह्या उत्कर्षाच्या उंबरठ्यावरच त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही.

१९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनात सार्वत्रिक संप झाला. खाणमालकांनी मजुरांची मजुरी कमी करून कामाचे तास वाढविण्याचे ठरविले होते, व खाणमजुरांच्या कैवारासाठी इतर लक्षावधी मजूर कामावरून निघाले. वर्तमानपत्रे बहुतेक बंद पडली. बातमीचे साधन उरले ते रेडिओच. अशा वेळी आर्चबिशप डेव्हिडसन व इतर मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी समेटाची विनंती तयार केली. संप मागे घ्यावा, मालकांनी मजुरीतील कपात मागे घ्यावी, आणि सरकारने थोड्या काळासाठी मदत चालू ठेवावी, ह्या तिन्ही गोष्टी एकदमच व्हाव्यात, असे तिच्यात होते. ती विनंती रेडिओवरून वाचण्याची आर्चबिशपांची इच्छा होती. सरकारला ती नको होती. सरकार रागावले तर रेडिओच आपल्या ताब्यात घेईल, ह्या भीतीने रीथसाहेबांनी आर्चबिशपांस नकार दिला. चार दिवसांनी, संप मोडण्याच्या बेतास आला असता, ती विनंती ऐकविण्यात आली. विरोधी पक्षाचे पुढारी मॅक्डोनल्ड ह्यांसही त्या दिवसांत बोलू दिले नाही.

रीथसाहेबांचे समर्थन करणारे म्हणतात की, त्यांनी त्या वेळी वाकून संस्था वाचविली. ते खरेही असेल. परंतु खिंडारात उभे राहण्याचे पाचारण ज्यास झाले, त्यानेच मेंढपाळाचा शब्द ऐन गरजेच्या वेळी दाराबाहेर थांबविला. ही गोष्ट त्यांस स्वतःसही लागून राहिली. आमच्या उपदेशक बंधूंवरही पाटील, सावकार किंवा निवडणुकीचा उमेदवार ह्यांच्या भीतीने असेच गप्प बसण्याचे प्रसंग येतात. संस्था वाचवावी की शब्द बोलावा, हा प्रश्न लंडनात जितका अवघड होता तितकाच तो आमच्या गावकुसात आहे.

१९३२ साली संस्थेची नवी इमारत लंडनात उभी राहिली. तिच्या प्रवेशाच्या दालनात लॅटिन भाषेत एक लेख कोरलेला आहे. त्यात ही वास्तू सर्वसमर्थ देवास अर्पण केली असून, चांगल्या बीजापासून चांगले पीक यावे, अशी प्रार्थना आहे. तेथेच बी पेरणाऱ्या मनुष्याची दगडी मूर्ती आहे. ज्या दाखल्यावर आमच्या प्रत्येक गावी पेरणीच्या दिवसांत उपदेश होतो, तोच दाखला ह्या मोठ्या रेडिओघराच्या दारात उभा आहे.

त्याच वर्षी १९ डिसेंबर रोजी दूरदूरच्या देशांसाठी ध्वनिक्षेपण सुरू झाले, व २५ डिसेंबर रोजी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांनी नाताळचा निरोप प्रथमच स्वतःच्या तोंडाने दिला. तो दिवसही रविवारच होता. बादशहांनी बोलावे म्हणून रीथसाहेब अनेक वर्षे खटपट करीत होते. तो निरोप लिहून देणारे लेखक रड्यार्ड किप्लिंग हे जन्माने मुंबईचे. हिंदुस्थानाशी रीथसाहेबांचा दुसराही संबंध आहे. येथील ध्वनिक्षेपण मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले होते. ती कंपनी १९३० साली बुडाली व सरकारने काम हाती घेतले. ते मार्गी लावण्यासाठी १९३५ साली रीथसाहेबांच्या संस्थेतील लायनेल फील्डन ह्यांस इकडे पाठविण्यात आले. १९३६ साली त्यास ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय व्हावे, अशी खुद्द रीथसाहेबांची आकांक्षा होती. ती पुरी झाली नाही.

आता रविवारचे काय झाले ते ऐका. लोक सहा दिवस खाणीत, गिरणीत, कारखान्यात राबत. रविवार हाच त्यांचा एक मोकळा दिवस. त्या दिवशी घरी बसून थोडे हसावे, एखादे हलके गाणे ऐकावे, असे त्यांस वाटे. आणि नेमके त्याच दिवशी रेडिओ सर्वांत गंभीर असे. ही भूक व्यापाऱ्यांनी ओळखली. १९३१ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरील रेडिओ नॉर्मंडीने आणि १९३३ पासून लक्झेंबर्गच्या मोठ्या केंद्राने इंग्रजी कार्यक्रम सुरू केले. त्यांत नाचाचे संगीत, विनोद आणि साबण, चहा, दुधाची पेये ह्यांच्या जाहिराती असत. आठवड्याचे सहा दिवस रीथसाहेबांचे श्रोते रीथसाहेबांकडे राहत, आणि रविवारी त्यांतील फार मोठा भाग समुद्रापलीकडील केंद्रांकडे वळे. लहान मुलेही रविवारी दुपारी लक्झेंबर्ग लावून बसत. कुंपण उत्तम बांधले होते. परंतु गुरे फाटकातून न जाता शेजारच्या रानात चरावयास गेली होती.

रीथसाहेबांस हे कळत नव्हते असे नाही. परंतु ते बधले नाहीत. रविवारी लोकांची भूक कोणती आहे, हे त्यांस विचारण्यापेक्षा ती कोणती असावी हे सांगणे त्यांस अधिक योग्य वाटले. जो बाणा रविवारच्या बाबतीत, तोच माणसांच्या बाबतीत. संस्थेचे मुख्य इंजिनियर पीटर एकर्सली ह्यांनी ध्वनिक्षेपणाची उभारणी मोठ्या बुद्धिमत्तेने केली होती. परंतु त्यांच्या संसारात बिघाड होऊन घटस्फोटाचा प्रसंग आला, तेव्हा १९२९ साली त्यांस जावे लागले. पाप हे पापच, हे आम्हीही मानतो. परंतु पडलेल्या मनुष्याशी कसे वागावे, ह्याविषयी आमच्या प्रभूने घालून दिलेला कित्ता निराळा आहे.

१९३८ साली रेडिओचे परवाने ऐंशी लाखांहून अधिक झाले होते. परंतु रीथसाहेबांस काम पुरेनासे वाटू लागले, आणि त्या वर्षीच्या ३० जून रोजी ते संस्था सोडून विमान कंपनीचे अध्यक्ष झाले. शेवटच्या रात्री त्यांनी निरोपाचा थाटमाट केला नाही. ड्रॉइटविच येथील प्रक्षेपण केंद्रावर ते गेले, मध्यरात्री कार्यक्रम संपताच यंत्रे आपल्या हाताने बंद केली, आणि पाहुण्यांच्या वहीत संस्थेचा माजी नोकर म्हणून सही करून बाहेर पडले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि फ्रान्सात गेलेल्या ब्रिटिश सैनिकांस असा रविवार नको आहे, हे स्पष्ट दिसून आले. १९४० च्या आरंभी त्यांच्यासाठी निराळा कार्यक्रम निघाला व त्यात रविवारीही हलके संगीत व विनोद आला. सोळा वर्षे राखलेले कुंपण काही आठवड्यांत मोडले. रीथसाहेब त्या वेळी सरकारात मंत्री होते. त्यांस लॉर्ड ही पदवीही मिळाली. परंतु मुख्य प्रधान चर्चिल ह्यांच्याशी त्यांचे कधीच जमले नाही, व १९४२ साली त्यांस काढून टाकण्यात आले. मग ते आरमारात एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर रुजू झाले व सैन्य समुद्रापार उतरविण्याच्या तयारीचे काम त्यांनी चोख केले. युद्धानंतर नव्या गावांची उभारणी, दूरसंदेशाची व्यवस्था, वसाहतींचा विकास अशी अनेक कामे त्यांनी केली. परंतु आपल्या शक्तीजोगे काम आपणांस कोणी दिले नाही, ही खंत त्यांस अखेरपर्यंत राहिली. १९६७ व १९६८ साली स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेत राणीचे प्रतिनिधी म्हणून बसण्याचा मान त्यांस मिळाला. ज्या देशात वडील महासभेचे अध्यक्ष झाले होते, तेथे हा मान मिळाल्याने त्यांस समाधान वाटले असेल. १६ जून १९७१ रोजी एडिंबरो येथे, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या मागे त्यांची रोजनिशी प्रसिद्ध झाली, आणि वाचणारे खिन्न झाले. साठ वर्षे लिहिलेल्या त्या पानांत देवाचे नाव होते तसा माणसांचा द्वेषही होता. मान न मिळाल्याचा संताप होता. हुकूमशहांच्या करारीपणाचे एके काळी वाटलेले कौतुकही होते. २००६ साली त्यांच्या कन्येने त्यांचे चरित्र लिहिले. सबंध राष्ट्रास घरबसल्या उपासना देणारा हा मनुष्य स्वतःच्या घरी प्रेमाने बोलू शकत नव्हता, असे त्यावरून दिसते. हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही. परंतु आम्ही पाळक व उपदेशक इतरांच्या घरी शांतीचा संदेश नेतो, तेव्हा आपल्या चुलीपाशी कोणता शब्द बोलला जातो, हे आपण स्वतःस विचारावे, म्हणून लिहितो.

मग रीथसाहेबांचे काम व्यर्थ गेले काय? आम्ही तसे म्हणणार नाही. गरिबाच्या घरीही उत्तम तेच पोहोचावे, हा त्यांचा विचार खरा होता, व तो जगभर पसरला. सेंट मार्टिनच्या देवळातून गेलेला शब्द आजाऱ्यांच्या अंथरुणापाशी पोहोचला. रोजची ती प्रार्थना शंभरीच्या जवळ येऊन पोहोचली आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील नाताळची उपासना १९२८ साली प्रथम ऐकविली गेली, आणि आजही नाताळच्या आदल्या दिवशी जगभर लोक ती ऐकतात. ह्या गोष्टी कोणावर लादल्या गेल्या नव्हत्या. ज्यास ऐकावयाच्या त्याने ऐकल्या, त्यांतून त्याची भूक भागली, आणि म्हणून त्या टिकल्या. मोडला तो लादलेला भाग. बी उगवले, कुंपण कुजले.

शेतकरी बंधूंस हे आम्ही शिकवावे असे नाही. कुंपण पाहिजेच, त्यावाचून उभे पीक गुरे खातात. परंतु कुंपण घातल्याने पीक येत नाही. ज्याने कुंपण घातले आणि आत पेरले नाही, त्याच्या हाती सुगीस काटेच येतील. रविवारी तरुणाच्या हातातील यंत्र हिसकावून घेणे हे कुंपण आहे; आणि त्याच्यापाशी बसून, त्यास कशाची भूक लागली आहे हे विचारून, त्याच्या कानास गोड लागेल असा जीवनाचा शब्द त्यास देणे ही पेरणी आहे. पहिले काम हुकमाने होते व एका दिवसात होते. दुसऱ्यास प्रेम लागते, आणि पाऊस पडेपर्यंत वाट पाहावी लागते.

रीथसाहेबांची रक्षा स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, रॉथिमर्कस येथील एका जुन्या पडक्या देवळाच्या आवारात आहे. आयुष्यभर ज्यांस स्वस्थता लाभली नाही, त्यांस त्या शांत जागी अखेर विसावा मिळाला. खिंडारात उभा राहील असा मनुष्य देव आजही शोधीत आहे. आणि त्यासाठी साडेसहा फूट उंची लागत नाही. त्या हर्टफर्डशायरच्या बाईसारखे चिकाटीचे व नम्र अंतःकरण असले म्हणजे पुरे.